फोनच्या कॅमेऱ्यातील ओआयएस आणि मोटरसायकलचे हँडल: आत नेमके काय बिघडते?

घाटवाट यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

प्रश्न थोडा लांब आहे, पण अर्धवट माहिती दिली की उत्तरेही अर्धवट येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

गेली दोन वर्षे मी सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलने भोर, वेल्हे, महाड या बाजूला फिरतो. गाडी ३५० सीसीची, एक सिलिंडरची आहे. फोन हँडलच्या दांडीवर ॲल्युमिनियमच्या पकडीत घट्ट आवळलेला असतो. त्यावर नकाशा चालू असतो आणि वरंधा घाटासारखी जागा आली की त्याच फोनवर चित्रीकरणही करतो. गाडीवरून उतरल्यावर जुन्या देवळांच्या आवारातील वीरगळ आणि शिलालेख टिपणे हा माझा खरा छंद. अशा ठिकाणी उजेड बेताचाच असतो, म्हणूनच मुख्य कॅमेऱ्यात ओआयएस, म्हणजे भिंग हलवून प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा, असलेला फोन मी मुद्दाम घेतला होता.

गेल्या महिन्यापासून मुख्य कॅमेरा उघडला की पडद्यावरचे चित्र वाहत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखे थरथरते. फोन कानाला लावला तर काचेच्या पेल्यात अडकलेल्या माशीसारखी बारीक घरघर ऐकू येते. मागच्या बाजूला बोटाने टिचकी मारली की दोन-तीन सेकंद सगळे शांत होते आणि पुन्हा सुरू होते. रुंद कोनाचा दुसरा कॅमेरा मात्र ठणठणीत आहे. सेवाकेंद्रात नेला, तेव्हा फोन पडला होता का एवढेच विचारण्यात आले आणि कॅमेऱ्याचा पूर्ण संच बदलावा लागेल असे सांगण्यात आले. फोन एकदाही पडलेला नाही.

मी यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक आहे आणि कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे आकडेमोड आली तरी चालेल. मला समजून घ्यायचे आहे ते असे. सात-आठ मिलिमीटर जाडीच्या फोनमध्ये ही हलती यंत्रणा बसवतात तरी कशी? ती इतकी नाजूक का ठेवतात, थोडी मजबूत का करत नाहीत? गाडी चालवताना ती सेटिंगमधून बंद ठेवली असती तर वाचली असती का? आणि एक जुनी शंका: कॅमेरा उत्तम स्थितीत होता तेव्हाही शिलालेखातील अक्षरे अगदी जवळून टिपताना हललेली का येत, आणि तेच देऊळ दूरून टिपले तर स्पष्ट का येई?

---

कंपनमापक यांचा प्रतिसाद

काही वर्षे मी कॅमेरा मोड्यूलच्या नियंत्रणप्रणालीवर काम केले आहे, म्हणून आपल्या प्रश्नाच्या मधल्या भागापासून सुरुवात करतो: ती नाजूक का ठेवतात. बाकीची बरीच उत्तरे त्यातूनच निघतात.

आधी किती हालचाल भरून काढायची आहे ते पाहू. हातात धरलेला फोन छायाचित्र घेतेवेळी अर्धा अंश वळला असे धरा. मुख्य कॅमेऱ्याचे खरे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) साधारण ७ मिलिमीटर असते, त्यामुळे सेन्सरवर प्रतिमा ७ गुणिले ०.००८७, म्हणजे सुमारे ६१ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) सरकते. पिक्सेल १.२ मायक्रॉनचा असेल तर हे ५० पिक्सेल झाले. भिंग किंवा सेन्सर तेवढाच, वेळेवर आणि योग्य दिशेने सरकवला तर प्रतिमा जागच्या जागी राहते. म्हणजे यंत्रणेला एकूण पल्ला लागतो तो दोन्ही बाजूंना शंभर-दीडशे मायक्रॉनचा, साधारण दोन केसांच्या जाडीएवढा.

हे काम जुनेच आहे. निकॉनने १९९४ मध्ये एका छोट्या कॅमेऱ्यात आणि कॅननने १९९५ मध्ये ७५-३०० मिमीच्या झूम भिंगात ते केले होते, पण ते भिंग अर्ध्या किलोहून जड होते आणि मोटर बसवायला त्यात जागाच जागा होती. फोनमध्ये ही कल्पना प्रथम आली ती २०१२ च्या नोकिया ल्युमिया ९२० मध्ये, आणि आयफोनमध्ये २०१४ च्या ६ प्लसपासून. तिथे फिरती मोटर, गिअर, स्क्रू यांपैकी काहीच बसत नाही. म्हणून ध्वनिवर्धकाचे तत्त्व घेतले जाते: चुंबकासमोर कॉइल, कॉइलमध्ये काही दहा मिलिअँपिअर प्रवाह, आणि त्यातून मिळणारा अगदी अल्प जोर. त्या जोराने भिंगाची नळी हलायची असेल तर ती घर्षणाशिवाय टांगलेली हवी. सर्वांत रुळलेल्या रचनेत चार कोपऱ्यांत चार केसासारख्या बारीक धातूच्या तारा उभ्या असतात आणि नळी त्यांच्यावर झोपाळ्यासारखी तरंगते. त्याच तारांमधून फोकसच्या कॉइलला वीजही नेतात. इतक्या जागेत एका वस्तूकडून एकच काम करून घेणे परवडत नाही.

आता या टांगणीचा ताठपणा किती ठेवायचा? आपण यंत्रे हाताळता, तेव्हा हे लगेच पटेल. स्प्रिंगवर टांगलेल्या वस्तूची स्वतःच्या वजनाने होणारी लवण, म्हणजे खाली झुकणे, ही फक्त तिच्या नैसर्गिक वारंवारतेवर (धक्का दिल्यावर ती सेकंदाला आपोआप किती वेळा डोलते यावर) अवलंबून असते, वस्तुमानावर नाही. नैसर्गिक वारंवारता ६० हर्ट्झ असेल तर लवण सुमारे ६९ मायक्रॉन येते. ४० हर्ट्झला ती १५५ मायक्रॉन होते. म्हणजे टांगणी फार सैल ठेवली, तर फोन उभा धरताच सगळा पल्ला गुरुत्वाकर्षणच खाऊन टाकते आणि भिंग केवळ वर उचलून धरण्यात बॅटरी खर्च होते. उलट ती फार ताठ केली, तर भिंग मध्यापासून शंभर मायक्रॉन बाजूला नेण्यासाठी इतका प्रवाह लागतो की कॉइल तापते, आणि ती उष्णता अगदी शेजारच्या सेन्सरला पोहोचून चित्रात दाणे वाढतात. या दोन टोकांच्या मध्ये निर्मात्याला जागा मिळते ती काही दहा हर्ट्झपासून शंभर हर्ट्झच्या आसपासची, आणि तिथेच कुठेतरी ही नैसर्गिक वारंवारता ठेवावी लागते. हाताची थरथर प्रामुख्याने १ ते १२ हर्ट्झमध्ये असते, त्यामुळे मूळ कामासाठी ही निवड योग्यच आहे.

आता आपली गाडी घ्या. ३,६०० आरपीएमला क्रँक सेकंदाला ६० वेळा फिरतो, म्हणजे असंतुलित पिस्टनचा मुख्य धक्का ६० हर्ट्झचा. चार स्ट्रोकच्या इंजिनात स्फोट एक फेरा सोडून होतो, त्याचे ३० हर्ट्झ वेगळे, आणि दुप्पट वारंवारतेचे १२० हर्ट्झ वेगळे. यांपैकी एक धक्का टांगणीच्या नैसर्गिक वारंवारतेवर नेमका येणे हा योगायोग नाही. आपण आरपीएम बदलत राहता, त्यामुळे प्रत्येक फेरीत तो तिथून अनेकदा जाणारच. हँडलवर १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढे) त्वरण आणि अनुनादाला, म्हणजे धक्का आणि नैसर्गिक वारंवारता जुळल्यावर, १० पट वाढ धरली, तर ६९ मायक्रॉनचे ६९० मायक्रॉन होतात. पल्ला आहे शंभर-दीडशेचा. उरलेली हालचाल भिंग कडेच्या थांब्यांवर आपटण्यात जिरते, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे एका तासाच्या प्रवासात दोन लाखांहून अधिक वेळा. तारेच्या टोकाचा सांधा थकणे, त्याभोवतीचे कंपशोषक जेल सुटणे, नळीला चिकटवलेले चुंबक किंचित सरकणे, यांपैकी काहीही एक झाले की पुरे.

आपण ऐकलेली घरघर मात्र आपटण्याची नाही. नळी कुठे आहे ते चुंबकाचे क्षेत्र मोजणारा हॉल सेन्सर सांगतो आणि त्यानुसार नियंत्रक प्रवाह बदलतो. चुंबक सरकले किंवा कंपशोषण गेले की हॉल सेन्सरचे उत्तर आणि प्रत्यक्ष हालचाल यांचा मेळ तुटतो, नियंत्रक प्रत्येक वेळी जास्तीची दुरुस्ती करतो, ती पुन्हा उलट दिशेने भरून काढतो, आणि मोजणे-दुरुस्त करणे हा संपूर्ण फेरा स्वतःच डोलू लागतो. टिचकीने तो क्षणभर त्या लयीतून बाहेर पडतो, एवढेच.

सेटिंगमधून बंद करण्याबाबत: त्याने काही वाचले नसते, उलट आगीतून फुफाट्यात पडण्यासारखे झाले असते. कॅमेरा चालू असताना नियंत्रक निदान भिंग धरून तरी ठेवतो. कॅमेरा बंद, म्हणजे प्रवाह बंद. मग झोपाळा मोकळा. बरेच फोन कॅमेरा बंद असताना कानाजवळ हलवले की आत काहीतरी खुळखुळते, ते हेच. नकाशा पाहताना आपला कॅमेरा बंद होता, आणि तेच तास सर्वाधिक घातक ठरले.

आपल्या फोनची कंपनी कोणती ते मी विचारत नाही, कारण हे दुखणे कोणा एकाचे नाही. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये एक जाहीर सूचना काढली होती: मोठ्या किंवा शक्तिशाली इंजिनांच्या मोटरसायकलींवर फोन थेट बसवू नये, कारण त्या कंपनांनी ओआयएस आणि हॉल सेन्सरवर चालणारा फोकस यांची कार्यक्षमता घटू शकते, स्कूटर आणि मोपेडवर निदान कंपशोषक पकड वापरावी. ज्या कॅमेऱ्यात हलती टांगणी आहे, तिथे भौतिकशास्त्र सारखेच लागू होते.

---

पेचकस यांचा प्रतिसाद

कंपनमापक यांनी सिद्धांत सांगितला आहे, मी दुकानातला अनुभव सांगतो. माझे फोन दुरुस्तीचे काम आहे आणि गेल्या काही वर्षांत अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांत दुचाकीवर वस्तू पोहोचवणारी मुले जास्त असतात. त्यांच्या फोनच्या मागच्या काचेवर पकडीच्या चार रबरी टोकांचे डाग स्पष्ट दिसतात, त्यामुळे तक्रार ऐकण्यापूर्वीच अंदाज येतो.

एक इशारा द्यावासा वाटतो. महाजालावर एक युक्ती फिरते की कॅमेऱ्याच्या बाजूला छोटे चुंबक चिकटवले की थरथर थांबते. ती थांबते हे खरे आहे. मी स्वतः गिऱ्हाइकासमोर करून पाहिले आहे. पण ते चुंबक भिंगाला एका कडेला ओढून धरते, बाकी काही नाही. चित्र शांत दिसते, पण त्याची एक बाजू मऊ पडते, कारण भिंगाचा मध्य आता सेन्सरच्या मध्यावर नसतो, आणि दूरच्या वस्तूवर फोकस कधी लागतो तर कधी नाही. ज्यांना फक्त क्यूआर कोड वाचायचा आहे त्यांनी ते जरूर करावे. आपल्यासारख्या शिलालेख टिपणाऱ्याने करू नये. याच कारणाने चुंबकाची पकड असलेली पाकिटे आणि स्टँडही मी ओआयएस कॅमेऱ्यापासून दूर ठेवायला सांगतो.

सेवाकेंद्राने पूर्ण संच बदलायला सांगितले त्यात फसवणूक नाही. भिंग, तारा, चुंबके आणि सेन्सर हे सगळे कारखान्यात एकमेकांशी जुळवून चिकटवलेले असते. मी एकदा हौसेने एका निकामी संचाचे पत्र्याचे आवरण सूक्ष्मदर्शकाखाली काढले. चारपैकी एक तार खालच्या डागापाशी तुटून बाजूला वळली होती आणि नळी त्या कोपऱ्यात झुकली होती. ती तार चिमट्यात धरता येईना, तर जोडायची कशी? शिवाय प्रत्येक संचाची जुळणीची आकडेवारी त्याच्याच स्मृतीत साठवलेली असते. म्हणून मूळ संचच घ्यावा. स्वस्त पर्यायी संचात कधी कधी हलती यंत्रणाच नसते, चित्र छान दिसते आणि गिऱ्हाईक रात्री छायाचित्र काढेपर्यंत फरक कळत नाही.

---

अर्धा सेकंद यांचा प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण एका मुद्द्यावर मी कंपनमापक यांच्याशी पूर्ण सहमत नाही आणि एक प्रश्न तसाच राहिला आहे.

आधी राहिलेला प्रश्न, कारण तो मला जास्त रंजक वाटतो. देऊळ दूरून टिपताना फोनचे सरकणे नगण्य असते आणि वळणे महत्त्वाचे. जवळून टिपताना हे प्रमाण उलटते. दहा सेंटीमीटरवरून शिलालेख टिपताना ७ मिमीच्या भिंगाचे वर्धन सुमारे ०.०७५ असते. श्वासाबरोबर हात फक्त ०.२ मिमी बाजूला सरकला तरी प्रतिमा १५ मायक्रॉन, म्हणजे १२ पिक्सेल, सरकते. आणि फोनमधला जायरो फक्त वळणे मोजतो. सरळ सरकणे त्याला दिसतच नाही. ते कळायचे तर त्वरणमापकाच्या आकड्यांचे दोनदा संकलन (इंटिग्रेशन) करावे लागते, आणि दोनदा संकलन केले की सेन्सरमधली बारीकशी चूकही काही सेकंदांत डोंगराएवढी होते, त्यामुळे ते जेमतेम एका छायाचित्राच्या कालावधीपुरतेच विश्वासार्ह ठरते. कॅननने २००९ मध्ये १०० मिमीच्या मॅक्रो भिंगात दोन्ही प्रकारची दुरुस्ती एकत्र आणली ती याच गरजेपोटी. आपल्यासाठी उपाय सोपा आहे: अर्ध्या मीटरच्या अंतरावर मागे व्हा आणि नंतर चित्र कापा. तिथे वर्धन ०.०१४ पर्यंत उतरते आणि तेवढ्याच सरकण्याने फक्त दोन-अडीच पिक्सेलांचा फरक पडतो. अक्षरे लहान येतील, पण धारदार येतील.

आता मतभेद. कंपनमापक यांचे लिखाण वाचून असा समज होतो की हाताच्या थरथरीसाठी यंत्रणा पुरेशी आहे आणि फक्त इंजिनच तिच्या मुळावर येते. माझ्या मते खरी मर्यादा टांगणीत नसून विलंबात आहे. जायरोने नमुना घेतला, नियंत्रकाने त्याचे संकलन करून कोन काढला, कोनावरून भिंगाची जागा ठरवली आणि भिंग तिथे पोहोचले, या सगळ्यात एकूण ५ मिलिसेकंद गेले असे धरा. १० हर्ट्झच्या थरथरीसाठी हे १८ अंशांचे मागे पडणे आहे. भिंगाची हालचाल आकाराने अगदी अचूक असली तरी केवळ उशिरामुळे मूळ हालचालीचा ३१ टक्के भाग शिल्लक राहतो, म्हणजे दोन स्टॉपचाही (एक स्टॉप म्हणजे प्रकाशनकाळ, अर्थात प्रकाश आत घेण्याचा वेळ, दुप्पट ठेवता येणे) फायदा होत नाही. विलंब १ मिलिसेकंदावर आणला तर शिल्लक ६ टक्के उरते आणि चार स्टॉप मिळतात. म्हणून हे संकलन फोनच्या मुख्य प्रोसेसरला देत नाहीत. कॅमेऱ्याचा चालक चिप जायरोशी थेट वेगळ्या तारेने बोलतो आणि सेकंदाला हजारो वेळा बोलतो. ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ प्रो मॅक्समध्ये भिंगाऐवजी सेन्सर हलवायला सुरुवात केली, तेव्हा सेकंदाला ५,००० पर्यंत दुरुस्त्या असा आकडा सांगितला होता, तो या संदर्भात वाचावा.

याच हिशेबाने इंजिनाचा प्रश्नही वेगळा दिसतो. १ मिलिसेकंदाचा विलंब ६० हर्ट्झला जवळजवळ ३७ टक्के हालचाल शिल्लक ठेवतो आणि १६७ हर्ट्झला शंभर टक्के. त्यापुढे दुरुस्तीच चित्र अधिक हलवू लागते. तेव्हा टांगणी अमर असती तरी चालत्या गाडीवर ओआयएस कामाचे नव्हतेच.

तिथे कामाचे आहे ते ईआयएस, म्हणजे जायरोच्या नोंदींवरून चित्रफितीची प्रत्येक चौकट (फ्रेम) आज्ञावलीने उलट दिशेने सरकवणे. भर उन्हात एका चौकटीचा प्रकाशनकाळ १/१००० सेकंद असतो, तेवढ्यात फारसे काही हलत नाही, म्हणून चौकटी फक्त एकमेकींवर नीट बसवल्या की पुरते. गोप्रोने २०१८ च्या हिरो ७ ब्लॅकपासून जे स्थिर चित्रण दाखवले ते असेच आहे. भिंगाला किंवा सेन्सरला हलती टांगणी नाही. किंमत मोजावी लागते ती चित्राच्या कडांत: चारही बाजूंनी १० टक्के हातचे राखले तर क्षेत्रफळाचा ६४ टक्केच भाग वापरता येतो. बोगद्यात शिरताच मात्र प्रकाशनकाळ १/३० सेकंद होतो, प्रत्येक चौकट आतूनच फरकटते, आणि फरकटलेली चौकट कितीही नीट जागेवर ठेवली तरी फरकटलेलीच राहते. स्थिर चित्रात दिवे एकाएकी लांबतात आणि आखडतात ते यामुळे.

सेन्सर चित्र एकाच क्षणी न वाचता ओळीओळीने वाचतो, हाही त्रास आहे. वाचायला १६ मिलिसेकंद लागत असतील आणि कंपन ६० हर्ट्झचे असेल, तर वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत येईतो हँडलचा जवळपास एक पूर्ण हेलकावा होऊन गेलेला असतो, आणि रस्त्याकडेचा सरळ खांब चित्रात नागमोडी येतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक ओळीची वेळ जायरोच्या नोंदीशी जुळवणे. त्यातही ओआयएस चालू असेल तर ती ओळ वाचली गेली तेव्हा भिंग कुठे होते हेही हॉल सेन्सरकडून कळायला हवे. नाही तर आज्ञावली भिंगाने आधीच केलेली दुरुस्ती पुन्हा एकदा करते. गूगलने २०१६ च्या पहिल्या पिक्सेल फोनमध्ये ओआयएस ठेवलेच नव्हते आणि २०१७ च्या पिक्सेल २ मध्ये दोन्ही एकत्र चालवले. एकत्र चालवणे हेच जास्त अवघड काम आहे, असे माझे मत आहे.

---

कंपनमापक यांचा प्रतिसाद

अर्धा सेकंद यांचा विलंबाचा मुद्दा मान्य आहे, हिशेबही बरोबर आहे. मी टिकाऊपणाबद्दल बोलत होतो, ते कामगिरीबद्दल. दोन्ही गोष्टी एकाच टांगणीवर येऊन मिळतात, म्हणून गोंधळ झाला असावा.

टांगणीला पर्याय शोधले गेले आहेत, त्याबद्दल थोडे लिहितो. तारांऐवजी सिरॅमिकच्या गोळ्यांवर नळी सरकवली आणि चुंबकानेच तिला गोळ्यांवर दाबून धरले, की स्प्रिंग उरत नाही, अनुनाद सौम्य होतो आणि जड भिंग पेलता येते. पण सततच्या कंपनाने गोळ्या आपल्या खोबणीत त्याच जागी घासत राहून खड्डे पाडतात. घाटवाट यांनी उभ्या पडून राहिलेल्या यंत्राच्या बेअरिंगमध्ये हे नक्की पाहिले असेल. दुसरा मार्ग निकेल-टायटेनियमच्या तारेचा: सुमारे २५ मायक्रॉन जाडीची तार प्रवाहाने तापली की आखडते आणि भिंगाला ओढते. त्यात चुंबकच नसल्याने शेजारच्या कॅमेऱ्याला त्रास होत नाही. तीन कॅमेरे खेटून बसवायचे असताना हा मोठा दिलासा आहे, कारण एकाचे चुंबक दुसऱ्याच्या हॉल सेन्सरला सहज फसवते. सेन्सर हलवण्यात भिंगाचे वजन सुटते आणि चित्राचे स्वतःभोवती फिरणेही भरून काढता येते, पण सेन्सरची वीज, त्याची उष्णता आणि चित्राची माहिती वाहणाऱ्या डझनावारी रेषा, हे सगळे अशा लवचिक पट्टीवरून न्यावे लागते जी आयुष्यभर वाकत राहील आणि तरी सेन्सरच्या हालचालीला अडवणार नाही. मला विचाराल तर त्या यंत्रणेतली सर्वांत सुंदर वस्तू ती पट्टी आहे. विवोने २०२० च्या एक्स ५० प्रोमध्ये भिंग आणि सेन्सर दोन्ही मिळून डोलवले. कल्पना छान आहे, पण जागा पुष्कळ खाते.

दूरच्या भिंगाचा (टेलिफोटो) कॅमेरा मात्र सुदैवी आहे. फोनच्या जाडीत मावावे म्हणून त्यात प्रकाश आधी प्रिझमवरून काटकोनात वळवलेला असतोच, तेव्हा प्रिझमच किंचित तिरका केला की काम होते. एका दिशेत तर प्रिझम जितका वळेल त्याच्या दुप्पट प्रकाशकिरण वळतो.

---

घाटवाट यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद वाचून दोन गोष्टी करून पाहिल्या.

पहिली: काल रात्री गच्चीवरून दूरच्या एकाच पथदिव्याचे छायाचित्र पाव सेकंदाच्या प्रकाशनकाळावर घेतले, आधी माझ्या फोनवर आणि मग बहिणीच्या त्याच मॉडेलच्या फोनवर, कोपरे कठड्यावर टेकवून. तिच्या फोनवर दिवा टिंबासारखा आला. माझ्या फोनवर तो सलग दाट वेटोळ्यासारखा आला, आणि वेटोळे उभ्यापेक्षा आडवे जास्त होते. पंधरा वेळा घेतले, पंधराही वेळा आडवेच. यावरून एका अक्षावरचे नियंत्रण गेले आहे असे मी समजतो. संच मूळ कंपनीचाच बदलून घेणार आहे.

दुसरी: कारखान्यात यंत्रांच्या पायांखाली घालायच्या रबरी गुटख्या पडून होत्या, त्यांतल्या चार छोट्या पकड आणि दांडी यांच्यामध्ये बसवल्या. फोन आणि पकड मिळून त्यांवर पावणेदोन मिलिमीटर बसतात. कंपनमापक यांच्या लवणीच्या सूत्राने नैसर्गिक वारंवारता १२ हर्ट्झ येते, आणि त्या हिशेबाने ६० हर्ट्झचा धक्का ४ टक्क्यांवर, ३० हर्ट्झचा १९ टक्क्यांवर यायला हवा. तरीही यापुढे दांडीवर जुना, ओआयएस नसलेला फोनच नकाशासाठी लावणार आहे. पण एक गोष्ट कळली नाही: गाडी सिग्नलला उभी असताना फोन आता पूर्वीपेक्षा जास्त डोलतो. गुटख्या चुकीच्या निवडल्या का?

---

कंपनमापक यांचा प्रतिसाद

गुटख्या बरोबर आहेत. उभ्या गाडीत आरपीएम हजाराच्या आसपास असतो, म्हणजे सुमारे १७ हर्ट्झ, आणि रबराने अलग करणे सुरू होते ते नैसर्गिक वारंवारतेच्या १.४१ पटीनंतर. आपल्या १२ हर्ट्झसाठी तो उंबरठाही १७ च आहे, त्यामुळे तिथे धक्का जवळजवळ जसाच्या तसा पोहोचतो. स्फोटाचा अर्ध्या वारंवारतेचा धक्का तर ८ हर्ट्झच्या आसपास येतो. तो रबर जवळजवळ दुप्पट करून देते, आणि डोलताना डोळ्यांना दिसतो तो मुख्यतः तोच. फोन डोलतो आहे तो संपूर्ण. ६० हर्ट्झच्या आसपास टांगलेल्या आतल्या भिंगाला ८ किंवा १७ हर्ट्झचे फारसे सोयरसुतक नसते, ते फोनबरोबरच जाते. रबर फार मऊ वाटले म्हणून ताठ गुटख्या मात्र घालू नका: नैसर्गिक वारंवारता २५ हर्ट्झवर गेली तर सिग्नलला फोन कमी डोलेल, आणि ३० हर्ट्झचा स्फोटाचा धक्का दुपटीहून अधिक होऊन आत पोहोचेल.